धुक्याचे पैसे

फेरो बेटांवर जाऊन आलेली माझी एक मैत्रीण परवा म्हणाली, "दोनशे क्रोनर भरून त्या कड्यापर्यंत चालत गेलो आणि ढगांशिवाय काही दिसलं नाही. अशा वेळी पैसे परत द्यायला हवेत." विषय तिथेच संपला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पहिला राग आला तो तिचा नव्हे, शुल्काचा. डोंगरात चालायचे पैसे कसले? नॉर्वेत 1957च्या कायद्याने रानात कोणालाही मोकळं हिंडता येतं. स्कॉटलंडने 2003मध्ये तसाच हक्क दिला. मग मधल्या समुद्रातल्या या अठरा बेटांनीच फाटकं का लावावीत?

हिरवे कडे, गवताची छपरं, पफिन पक्षी हे सगळं फोटोंतून पाहून झालेलं आहे. मैत्रीण गेली तो त्रेलानीपाचा कडाही. तिथून सोर्वॉग्सवाटन सरोवर समुद्राच्या माथ्यावर अधांतरी लटकल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते समुद्रापेक्षा तीसेक मीटरच उंच आहे. फोटोत येत नाही ती गोष्ट अशी, की तो हिरवा उतार कोणाच्या तरी मेंढ्यांचं ताट आहे. या बेटांवर माणसं पन्नास-पंचावन्न हजार आणि मेंढ्या त्याहून जास्त. गावालगतची कुंपणाआतली शेतजमीन आणि कुंपणापलीकडचं चराऊ रान अशी जमिनीची जुनी वाटणी आहे आणि त्या रानालाही मालक आहेत. 1298 सालच्या 'मेंढीपत्रा'त, म्हणजे या बेटांच्या सर्वांत जुन्या लेखी कायद्यात, कुरणावर पूर्वीपासून जितक्या मेंढ्या चालत आल्या तितक्याच ठेवाव्यात असं बजावलेलं आहे. सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी गवत मोजून वापरायचं ठरवलं, त्यांच्या वंशजांना 'डोंगर सगळ्यांचे' हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

देखावा आणि रान या दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या मानत आलो आहे. देखावा बघणाऱ्याचा असतो, रान त्यात राबणाऱ्याचं. देखाव्याला कितीही डोळे लागले तरी तो झिजत नाही. रान मात्र पावलापावलाने झिजतं.

आणि ते झिजतं कसं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. तोर्शव्हनला वर्षभरात सुमारे 1,300 मिलीमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्याहून कितीतरी जास्त पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि दिवाळीपर्यंत डोंगरवाटा कडक होतात. तिथला पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. उन्हाळ्यातलं सरासरी तापमान दहा-अकरा अंश, त्यामुळे माती धड वाळतच नाही. बेसाल्टवर मातीचा आणि गवताच्या मुळांचा पातळ थर, त्यात पायवाटेवर डबकं. पहिला माणूस बूट वाचवायला डबक्याच्या कडेने जातो. ती कड दबते, तिथे पाणी साचतं. पुढचा आणखी हातभर बाहेरून जातो. असं होत होत एका पावलाच्या वाटेचा रुंद काळा पट्टा होतो, उतारावरचं पाणी त्यातून वाहू लागतं आणि उरलीसुरली मातीही घेऊन जातं. यात वाईट वागलं कोणीच नाही. प्रत्येकाने फक्त आपले मोजे कोरडे ठेवले.

इथे मैत्रिणीशी माझं भांडण सुरू होतं. पैसे देखाव्याचे असतील तर तिची मागणी रास्त आहे, माल मिळाला नाही, पैसे परत करा. पण पैसे रानाचे असतील तर हिशेब उलटा होतो. धुक्याच्या, ओल्या दिवशी बुटांखाली गवत अधिक फाटतं. जिला काहीच दिसलं नाही, तिच्या पावलांचा खर्च उन्हात आलेल्यापेक्षा जास्त.

थोडं आडवळण घेतो, कारण या वाटांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. आज ज्यांवर पर्यटक चालतात त्यांतल्या कितीतरी वाटा गावागावांमधल्या जुन्या रहदारीच्या आहेत. गासादालुर गावाला बोगदा मिळाला तो या शतकाच्या सुरुवातीला. तोवर पोस्टमन टपाल घेऊन डोंगर ओलांडून जायचा. अशा वाटांच्या कडेने दगडांचे ढीग रचलेले असतात, धुक्यातही एकापासून दुसऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. म्हणजे ज्यांनी वाट घडवली त्यांनी धुकं गृहीत धरलं होतं. माथ्यावरून काय दिसेल हा त्यांचा प्रश्नच नव्हता, पलीकडच्या गावात पोचायचं होतं. त्या दगडांच्या भरवशावर धुक्यातून नीट परतणं हा त्या बेटावर घेण्याजोगा अनुभव आहे आणि मैत्रिणीला तो पुरेपूर मिळाला होता.

एका बाबतीत मात्र ती बरोबर आहे. जाहिरातीत लटकतं सरोवर दाखवायचं आणि फाटकावर गवताचा हिशेब सांगायचा, हे जुळत नाही. शुल्क घ्यावं, गरज पडली तर माणसांची संख्याही बांधून द्यावी, पण पैसे कशाचे ते फाटकावर लिहावं: वाटेवर टाकलेल्या दगडांचे, पाण्याला काढून दिलेल्या चरांचे, कुंपणाच्या डागडुजीचे.

2019च्या एप्रिलअखेरीस फेरोंनी याहून पुढचं पाऊल टाकलं. काही प्रसिद्ध जागा दोन दिवस पर्यटकांना बंद केल्या आणि परदेशांतून शंभर स्वयंसेवक बोलावून त्यांच्याकडून वाटा दुरुस्त करून घेतल्या. राहणं-जेवण यजमानांचं, मेहनत पाहुण्यांची. डोंगरात चालायचे पैसे कसले, असं विचारत मी निघालो होतो. आता मला वाटतं, पैशांबरोबर दोन दिवसांचं कामही मागितलं तरी ते फार होणार नाही.