मुक्या जिवांचा हिशेब

मनुष्याचा जीव वाचावा म्हणून मुक्या जनावराला दुखवणे योग्य आहे काय? ज्यांच्या घरी कोणी डायलिसिसवर आहे, त्यांना हा प्रश्न उगाच वाटेल. पण घरातल्या औषधाच्या गोळीतच तो दडलेला आहे.

मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात आत हळूहळू व्रण पडतात आणि ते निकामी होते. हे समजून घेण्यासाठी उंदराची एक मूत्रवाहिनी बांधतात. एकदोन आठवड्यांत त्या बाजूला व्रण दिसू लागतात. कधी मूत्रपिंडांचा सहापैकी पाच हिस्से भाग काढून उरलेल्याचे काय होते ते पाहतात. याचे फळ मिळाले आहे. १९८५ च्या सुमारास रक्तदाबाच्या एका प्रकारच्या औषधांनी उंदरांचे उरलेले मूत्रपिंड जपले जाते असे आढळले. पुढे १९९३ साली त्याच प्रकारच्या कॅप्टोप्रिलने मधुमेही रुग्णांनाही लाभ होतो हे सिद्ध झाले. मात्र उंदरांत गुणकारी ठरलेली कित्येक औषधे माणसांत निरुपयोगी ठरली. निरोगी उंदराचे दोन आठवडे म्हणजे माणसाच्या आजाराची वीस वर्षे नव्हेत.

मग ‘मनुष्याच्या हितासाठी’ एवढे म्हटले की सर्व क्षम्य होते काय? या बाबतीत हैदराबादच्या कोठीचा इतिहास बोलका आहे. तेथील ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम विश्वास होता की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदयावर थेट आघात होत नाही. निजामांच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. कुत्री, माकडे अशी शेकडो जनावरे मारली गेली आणि लॉरींचेच मत खरे ठरवले गेले. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, थोड्या क्लोरोफॉर्मनेही हृदय एकाएकी बंद पडू शकते.

लेव्हींनीही जनावरेच वापरली, हे विसरू नये. फरक विचारण्यात होता. उत्तर आधीच मनात धरून केलेल्या प्रयोगात जनावराचे दुःख वाया जाते आणि रोग्याचाही घात होतो.

आपल्या देशातील १९६० च्या कायद्याप्रमाणे, दुसरा मार्ग असेल तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावा आणि वेदना होऊ नयेत म्हणून भूल द्यावी. त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते: प्रयोग फसला तर तेही उघड सांगावे, म्हणजे तीच वेदना दुसऱ्या जिवाला पुन्हा भोगावी लागणार नाही.

सृष्टीवरील अधिकार मनुष्याला कारभारी म्हणून मिळाला आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांपुढे हा प्रश्न अवश्य ठेवावा. उत्तर मात्र आधीच सांगून टाकू नये.