जिभेला वेळ

भाचा पाइप ओढतो हे मला खटकत होतंच, पण त्याहून त्याचं एक वाक्य जास्त खटकलं. "मामा, खर्रा ही सवय आहे. व्हर्जिनिया ही चव आहे, ती शिकावी लागते." तो चंद्रपुरात नोकरी करतो आणि अलीकडेच पाइपकडे वळला आहे. या सौम्य तंबाखूत आधी त्याला काहीच कळत नव्हतं, नुसता गरम धूर लागायचा. आता म्हणे वाळल्या गवताचा वास येतो, भाजलेल्या पावाचा येतो, कधी संत्र्याच्या सालीचा. व्यसनाला अभिरुचीचं नाव देऊन तो मोकळा झाला, असं मला वाटलं आणि मी वाद घातला.

तंबाखूने काय होतं हे आमच्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. राज्यात 2012 पासून गुटखा बंद आहे, गडचिरोलीत 2016 पासून दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' अभियान गावोगाव काम करतंय, पुडीवरची चित्रं लहान पोरंही ओळखतात. पाइपचा धूर छातीत घेतला नाही म्हणून तोंडाचा कॅन्सर टळत नाही, हे भाच्यालाही ठाऊक आहे. माझा मुद्दा वेगळा होता. चव आणि तलफ यांतला फरक मीही मानतो. चव लक्ष दिल्याने वाढते, तलफ आपलं लक्ष नसतानाच वाढत जाते. पण तंबाखूच्या बाबतीत हा फरक करता येत नाही, असं माझं म्हणणं होतं. निकोटिन ज्या पानात असेल ते पान माणसाला आवडायला लागणारच. मग त्याने गवताचा वास सांगावा नाहीतर संत्र्याचा.

भाच्याचं उत्तर मला सुरुवातीला पटलं नाही, पण ते डोक्यातून जाईना. तो म्हणाला, चुन्याचा विचार करा.

पानठेल्यावर खर्रा घोटताना पाहिला आहे ना? सुपारीचा बारीक चुरा, त्यावर तंबाखू, मग बोटाने चुना, पाण्याचे चार थेंब. सगळं पन्नीत गुंडाळून ठेलेवाला ते फळीवर तळहाताने दाबून दाबून घासतो. कोरडा चुरा ओलसर होतो, रंग लालसर तपकिरी होतो, आणि रबर लावलेली पुडी गिऱ्हाइकाच्या हातात पडते. यात चुन्याचं काम चवीचं नाही. तंबाखूतलं निकोटिन आम्लात बांधलेलं असतं. चुन्याने ते सुटं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरतं. जिभेला काही कळायच्या आत डोक्याला पोचलेलं असतं.

व्हर्जिनियाचं याच्या उलट. हे पान गरम हवेच्या भट्टीत पाच-सात दिवस वाळवतात. आच आधी मंद ठेवतात, पान पिवळं होईपर्यंत त्यातल्या पिठूळ द्रव्याची साखर होऊ देतात आणि मगच आच वाढवून तो रंग आणि ती साखर तिथेच थांबवतात. आपल्या सिरोंच्यावरून वाहत जाणारी गोदावरी पुढे जिथे समुद्राकडे वळते, त्या राजमुंद्रीला 1947 मध्ये केंद्र सरकारची तंबाखू संशोधन संस्था सुरू झाली. व्हर्जिनिया त्याच मुलखात पिकतो, म्हणजे तो काही आपल्याला फार परका नाही. त्या साखरेमुळे याचा धूर आम्लाकडे झुकतो आणि निकोटिन तोंडातून फारसं आत जात नाही. नवखा माणूस ते मिळवायला जोरजोरात ओढतो आणि जीभ भाजून घेतो. हळू ओढायला शिकला की हाती उरतो तो वास. म्हणजे एकात तलफ चवीला जागाच ठेवत नाही, आणि दुसऱ्यात तलफ मागे सरते तेव्हाच चव लागते. दोन्ही एकच, हे मला सिद्ध करायचं होतं. ते काही झालं नाही.

मग मी दुसरीकडून धरलं. म्हटलं, तुला हळू ओढायला रविवारची दुपार आहे. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईला ती कुठे? तिचे दोन्ही हात बांधीत गुंतलेले. बिडी ओढायलाही एक हात मोकळा लागतो, खर्रा गालात ठेवला की झालं. भूकही मरते. तिच्याकडे चव नाही असं म्हणू नकोस, तिला उसंत नाही असं म्हण.

हे मला फार पटलं होतं. पण दादाजी खोब्रागडे आठवले आणि मीच अडलो. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जमीन थोडकी, शिक्षण जेमतेम. 1983 च्या सुमारास 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर दाण्याच्या. त्या त्यांनी निवडून बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून बारीक दाण्याचा, भात चवीला चांगला लागणारा वाण निघाला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं आणि देशभरचे शेतकरी तो पेरू लागले. खोब्रागडे 2018 मध्ये गेले. त्यांना कुठली आली उसंत? धानाच्या बांधीत दोन लोंब्यांचा फरक ओळखणारी नजर चिखलात उभं राहूनच तयार झाली होती. आमच्याकडच्या कितीतरी बायका वाफ नाकाशी येताच भात जुना की नवा ते सांगतात, तेंदूचं पान बोटांत धरून ते बिडीला चालेल की नाही ते सांगतात. लक्ष देण्याची ताकद उसंतीवर अवलंबून नाही. म्हणजे माझं दुसरं म्हणणंही टिकलं नाही.

आणि इथे मी अशा मताला आलो, जे घेऊन मी वादाला बसलो नव्हतो. खर्ऱ्याबद्दल आपण फक्त मरणाच्या भाषेत बोलतो. तो त्याच्या खूप आधी काहीतरी नेतो. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठरते आणि सुरुवातीचं लक्षण म्हणजे तिखट सोसत नाही. लग्नाच्या पंगतीत तिशीतला गडी रस्सा बाजूला सारून नुसता वरणभात मागतो, तोही लहान लहान घासांनी, कारण तोंडात दोन बोटंही जात नाहीत. ज्या भागात भाताच्या वाफेवरून धान ओळखतात, तिथला माणूस चवीलाच मुकतो. हे नुकसान कुठल्या फलकावर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. मला मात्र ते कॅन्सरइतकंच मोठं वाटतं, कारण ते कितीतरी जास्त लोकांचं होतं आणि फार लवकर होतं.

मग भाच्याला मी एवढंच विचारलं: तुझं नाक आता तयार झालं आहे, ते मोहाला लाव, मधाला लाव, धानाला लाव. पाइप कशाला हवा? त्याने खरं उत्तर दिलं, आणि त्यासाठी मी त्याला मानतो. "मामा, त्यात निकोटिन नसतं तर पहिले कितीतरी दिवस तो गरम धूर मी सोसला असता का?"

नसता सोसला. त्याची चव खरी आहे हे मी आता कबूल करतो. पण ती लागेपर्यंत त्याला धरून ठेवलं ते तलफेनेच, आणि ती अजून सोडायला तयार नाही. खोब्रागड्यांना त्या पिवळसर लोंब्यांनी आधी काहीच दिलं नव्हतं, तरी ते थांबले.