‘कथित’च्या आडून

एका मुलाचा असा फोटो तुम्हीही पाहिला असेल. चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ, खाली वडिलांचं नाव आणि राहती गल्ली, वर ठळक अक्षरांत ‘कथित सूत्रधार’. इंग्रजी वाहिन्यांवर रात्रभर ‘अलेज्ड मास्टरमाइंड’ फिरत होतं, सकाळी ते आपल्याकडे मराठीत अवतरलं. दुपारी पोलिसांनी जबाब घेऊन त्याला घरी पाठवलं. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपली. 

छापणाऱ्यांना याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आम्ही कथित लिहिलं होतं.’ लिहिलं होतं, पण वाचणाऱ्याच्या मनात ठसतो तो ‘सूत्रधार’. जिन्यात भेटलेली शेजारीण ‘अमक्यांचा मुलगा सूत्रधार निघाला’ एवढंच सांगते. ‘कथित’ तिच्या तोंडी येतच नाही, आणि हे बातमी लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. ‘कथित’ लिहिल्याने कायद्याचंही कवच मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दहा अपवाद दिले आहेत. हे विशेषण लावलं की सुटका, असं त्यांतला एकही म्हणत नाही. आरोप केला कुणी, हे सांगायचं टाळून आरोप मात्र छापता येतो, एवढीच या शब्दाची सोय.

असा शिक्का किती काळ टिकतो ते पाहा. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई दिली ती २०१८ मध्ये. ‘हेर’ हा शिक्का घेऊन त्या घराने काढलेली वर्षं कुठलं विशेषण परत देणार?

घाई होती, इतरांनीही छापलं, या सबबींना उत्तर द्यायचीही गरज नाही.

हाच शब्द उलट्या दिशेनेही वापरला जातो: अत्याचाराची फिर्याद देणारी बाई लगेच ‘कथित पीडिता’ होते. मोबाइल चोरीला गेलेल्याला कुणी ‘कथित मालक’ म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

बातमीदार मित्रांनो, आरोप कुणाचा आणि कशाच्या आधारावर, हे पहिल्याच वाक्यात लिहा. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’, ‘फिर्यादीत नमूद केल्यानुसार’ लिहायला जागा फार लागत नाही. आणि माणूस सुटला की ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.