स्लायसर घेताना आधी होल्डर बघ

चि. प्राजक्तास,



यंदा उन्हाळ्यात घरी बटाट्याचे वेफर्स घालायचं ठरवलंयस आणि त्यासाठी कुठला स्लायसर घेऊ असं विचारलंस, ते वाचून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून व्हायचं नाही आणि अर्धवट सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मुद्द्याचं आधी सांगते. दुकानात गेलीस की पातं नंतर बघ, आधी होल्डर बघ. होल्डर म्हणजे भाजी खोचून धरायचा तो खिळ्यांचा भाग. नव्या वस्तूचं पातं बहुधा धारदारच असतं. हलक्यातला स्लायसरही सुरुवातीला छान कापतो. हात वाचवतो तो होल्डर, आणि स्वस्त वस्तूत नेमका तोच कसातरी उरकलेला असतो.

तुला वाटेल, आपल्या घरात विळी होतीच की, तिचंही पातं उघडंच. पण विळीचं पातं सतत डोळ्यांसमोर असतं, प्रत्येक काप आपण बघून घेतो. स्लायसरचं पातं भाजीखाली झाकलेलं असतं. हात एका लयीत वर-खाली चालतो. दर फेरीला बटाटा एक-दीड मिलिमीटरने कमी होतो आणि बोटं तेवढीच पात्याजवळ येतात, हाताचा वेग मात्र तोच राहतो. म्हणून यावर बोटाचं टोक किंवा तळव्याचा उंचवटा सपाट सोलून निघतो. अशा जखमेच्या कडा सुरीच्या चिरेसारख्या जुळत नाहीत, कारण मधलं कातडंच गेलेलं असतं. रक्त लवकर थांबत नाही आणि भरायलाही वेळ लागतो.

तुळशीबागेत जाणार असशील तर पिशवीत एक मध्यम बटाटा घेऊन जा आणि दुकानदाराला विचारून तो होल्डरमध्ये खोचून बघ. खिळे नीट रुतले पाहिजेत. होल्डर हातात धरून हलकेच हलवला तरी बटाटा गळून पडता कामा नये. होल्डरच्या कडा स्लायसरच्या दोन्ही बाजूंना धरून सरकल्या पाहिजेत, डुगडुगता कामा नयेत. मूठ धरल्यावर पाचही बोटं त्या कडेच्या आत राहतात का, हे स्वतःच्या हाताने बघ. कड अरुंद असली की करंगळी बाहेर लोंबते, आणि पहिली तीच सापडते. होल्डर वापरला की शेवटी बोटभर जाडीचा तुकडा उरतो. तो उरू दे, रस्सा भाजीत जाईल. त्या तुकड्याच्या लोभाने होल्डर बाजूला ठेवला जातो आणि बोट कापतं. होल्डर मनासारखा नसेल तर बाकी कितीही छान असला तरी तो स्लायसर घेऊ नकोस.

मग भाजी जिच्यावरून सरकते ती मधली पट्टी अंगठ्याने दाबून बघ. ती लवली तर पातं आणि पट्टी यांच्यातली फट कापताना बदलत राहते. काप एका कडेला जाड, एका कडेला कागदासारखे येतात, भाजी मध्येच अडकते, आपण जोर लावतो, आणि अडकलेली भाजी एकदम सुटली की हात पुढे जातो.

पातं आडवं सरळ असेल तर कडक बटाट्याला नेट लावावा लागतो. तिरकं पातं भाजीत सरकत शिरतं, त्याला जोर कमी लागतो. तू डावखुरी आहेस, तुला इंग्रजी व्ही अक्षरासारखं पातं सोयीचं पडेल. ते दोन्ही बाजूंनी सारखं असतं, भाजी एका कडेला रेटली जात नाही. जाडी बदलायचा खटका फिरवून मग पट्टीवर दाब देऊन बघ, केलेली जाडी जागेवर टिकते का. खटका शून्यावर आणला की पातं पूर्ण झाकलं जात असेल तर फारच चांगलं, ठेवताना त्याचा उपयोग होतो.

चुंबकाचं एक सांगते, कारण तू तो घेऊन जाशील हे मला माहीत आहे. चुंबक चिकटला की स्टील हलकं, हा समज पात्याला लावू नकोस. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचं 304 स्टील डब्या-पातेल्यांना उत्तम. त्याला चुंबक जवळजवळ लागत नाही, पण ते तापवून विझवून कडक करता येत नाही. धारेला कडक होणारं स्टील लागतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. ते गंजाला थोडं जास्त बळी पडतं, म्हणून ओलं ठेवायचं नाही, एवढंच.

बारा पाती एका डब्यात असलेला संच घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळाला तरी. त्यातली दोन पाती वापरात राहतात. उरलेली ड्रॉवरमध्ये सुटी पडतात आणि चमचा शोधणाऱ्या हाताला लागतात. दोरी ओढायचा चॉपर ही वेगळी वस्तू आहे. तो बारीक तुकडे करतो, चकत्या नाही, आणि दोरी जास्त वेळा ओढली की कांद्याला पाणी सुटतं.

शिवाय सगळंच स्लायसरवर करायला जाऊ नकोस. खमंग काकडीची काकडी चोचवलेलीच हवी, टोमॅटोला दात्यांची सुरी बरी. स्लायसर वेफर्सना, बीट-मुळ्याच्या चकत्यांना, आणि बिर्याणीसाठी दोन किलो कांदा एकसारखा चिरायचा असेल तेव्हा. गोल भाजीची एक बाजू आधी सुरीने सपाट कर, म्हणजे ती घरंगळत नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटवर स्लायसर घसरतो. खाली ओलं फडकं पसर. वेफर्स करताना तो तुरटीच्या पाण्याच्या पातेल्यावर आडवा ठेवायचा असेल तर काठाला अडकणाऱ्या खाचा असलेलाच घे. केळ्याचे वेफर्स थेट उकळत्या तेलावर पाडताना तू दुकानात पाहिले असशील. ते रोजचे सरावलेले हात असतात. घरी चकत्या ताटात कापून लगेच तेलात सोड.

सोबत कापण्यापासून वाचवणारा एक हातमोजाही घे. त्यावर ईएन 388 ही युरोपीय मानकाची खूण आणि त्याखाली आकडे व अक्षर असतं. ए पासून एफ पर्यंतचं ते अक्षर मोजा धारेला किती दाद देत नाही ते सांगतं. सी किंवा त्यापुढचा बघ. हा मोजा धारेपासून वाचवतो, टोकापासून नाही, आणि फिरत्या पात्याच्या मशीनवर तो मुळीच घालायचा नाही. मोजा घातला म्हणून होल्डर सोडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

इतकं करूनही लागलंच तर हळद किंवा चहापूड भरू नकोस. वाहत्या पाण्याखाली धू, स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धर आणि दहा मिनिटं मध्ये उघडून बघू नकोस. तरी रक्त थांबलं नाही किंवा मांसाचा तुकडा निघाला असेल तर सरळ दवाखान्यात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांग.

शेवटचं सांगणं, आणि हे मी आग्रहाने सांगते आहे. कापून झालं की स्लायसर लगेच नळाखाली धर. बटाट्याचा चीक वाळला की निघत नाही. दांड्याच्या ब्रशने पात्याच्या पाठीकडून धारेकडे घास, पुसून कोरडा कर आणि पातं झाकून वरच्या फळीवर ठेव. फेसाच्या पाण्यात इतर भांड्यांबरोबर तो कधीही बुडवू नकोस. तुझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई सिंकमध्ये न बघता हात घालतात. त्यांचा हात कापला तर त्यांची चार घरची कामं बुडतात आणि त्या दिवसांचे पैसेही बहुधा कापले जातात. स्लायसर तूच धुवायचा, रोज, कितीही घाई असली तरी. एवढं माझं ऐक.

तुझी,
मीनामावशी