मोकळा वेळ कोणाचा?

आमच्या मंडळ्यांतील तरुण अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि बहुधा संकोचानेच विचारतात. अभियांत्रिकीचा अभ्यास करीत असताना खेळ, गाणे, मित्रांच्या गप्पा किंवा नुसते काही न करता बसणे, यांना किती वेळ द्यावा? वरवर पाहिले तर हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. कोणीही अनुभवी शिक्षक तो पाच मिनिटांत सोडवून देईल. मग संकोच कशाचा? विचारणाऱ्याला मनातून वाटत असते की मोकळा वेळ मागणे म्हणजे काहीतरी चोरून मागणे आहे. प्रश्नाला ही बोच आहे म्हणून तो आम्ही नीतीचा प्रश्न समजतो, आणि त्याचा विचार येथे करीत आहोत.

हा प्रश्न सर्व घरांत सारख्याच वजनाने येत नाही. सुरत शहरातील गोडादरा, लिंबायत, डिंडोली हा पट्टा घ्या. येथे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे. भुसावळहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेला जाणाऱ्या लोहमार्गानेच त्यातील बहुतेक आले. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तेथे सीमा ओलांडण्यास एक पाऊल पुरते. सुरतेत आल्यावर मात्र यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभी असते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरी आई साड्यांचे धागे कापते, टिकल्या चिकटवते आणि नगावर पैसे घेते. मुलाने पालिकेच्या मराठी शाळेत पहिली पाने गिरविली, आणि आज तो शहराच्या दुसऱ्या टोकाला इच्छानाथ येथील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत किंवा एखाद्या खाजगी महाविद्यालयात शिकतो. अशा घरात संध्याकाळी बॅट घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला कोणी बोलले नाही तरी तो ऐकतो. बाप झोपलेला असतो, कारण त्याला रात्री जायचे असते. आईचे हात चालूच असतात.

म्हणून पुष्कळ वेळा उत्तर असे दिले जाते : आधी पदवी घे, नोकरी लागू दे, मग विश्रांती. जणू विश्रांती ही मजुरी आहे आणि ती काम संपल्यावर चुकती व्हायची. पवित्र शास्त्राचा क्रम असा नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला. त्याचा पहिला पुरा दिवस हा सातवा, म्हणजे देवाच्या विसाव्याचा. त्याने तोवर काहीच कमावले नव्हते. विसावा त्याला कमाईतून मिळाला नाही, देणगी म्हणून मिळाला.

आणि याच्या उलट बोलणारा पवित्र शास्त्रात एक मोठा माणूस आहे, तो म्हणजे फारो. निर्गमाचा पाचवा अध्याय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. त्यात विटा आहेत, बांधकाम आहे, मुकादम आहेत आणि रोजची ठरलेली संख्या आहे. इस्राएल लोकांनी उपासनेसाठी रानात जाण्याची सुटी मागितली, तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरविले, पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. सुटी मागणारा तो आळशी, हे तर्कशास्त्र त्याचे. आपल्यापैकी कितीतरी प्रेमळ आईबाप, शिक्षक आणि (क्षमा करावी) पाळकही ते नकळत उसने घेतात. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा सांगताना मिसर देशातील दास्याची आठवण करून दिली आहे, ती उगाच नव्हे. ज्याला थांबता येत नाही तो अजून वीटभट्टीवरच आहे.

परंतु येथे एक बाजू सोडून चालणार नाही. काही तरुण या वचनांचा आधार घेऊन अभ्यासाला दुय्यम मानू लागतात. तेही आम्हांस मान्य नाही. २४ मे २०१९ रोजी याच सुरतेत, सरथाणा भागातील तक्षशिला नावाच्या इमारतीला आग लागली आणि वरच्या बेकायदा मजल्यावर शिकवणीला आलेली २२ मुले प्राणास मुकली. खाली येण्यास सुरक्षित वाट नव्हती. कित्येकांनी वरून उड्या टाकल्या. जिना किती रुंद असावा, आग लागली तर धूर कोठे जाईल, विजेची तार किती भार सोसते, ही कंटाळवाणी गणिते ज्या तासांना शिकविली जातात, त्या तासांना झोपा काढणाऱ्यास शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे आणखी कोणते साधन हाती येणार आहे? कोणाचे पाप कोणावर लादण्याचा आमचा हेतू नाही. पण दुसऱ्याच्या प्रयोगवहीची नक्कल करून जर्नल पुरे करणे आणि मग उरलेल्या वेळेला विश्रांती म्हणणे, यात विश्रांती नाही. तो वेळ पुढे कोणीतरी भरून देणार असतो.

मग अभ्यास मोठा आणि विसावाही मोठा, तर दोन्हींचे कसे व्हावे? मान्न्याच्या कथेत (निर्गम १६) याचे उत्तर फार साध्या रीतीने आले आहे. रोज लागेल तेवढेच गोळा करावयाचे; ज्याने भीतीपोटी साठविले त्याच्या साठ्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट. म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा सहाव्या दिवशीच्या वाकलेल्या पाठीवर उभा आहे. रविवारी सबमिशनची काळजी नको असेल तर शनिवारची रात्र त्याला द्यावी लागते. सत्र संपताना बारा प्रयोग एका बैठकीत लिहिणारा विद्यार्थी फार कष्टाळू असतो असे आम्हांस वाटत नाही. त्याने पाच दिवस मान्ना गोळाच केलेला नसतो.

आता थोडा हिशेब. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. महाविद्यालयाचे ३० धरा, जाण्यायेण्याचे १२, जेवणखाण, आंघोळ, घरकाम यांचे २१, आणि घरच्या अभ्यासाचे २०. बेरीज १३२. शिल्लक ३६ तास. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जो आदर्श अभ्यासक्रम काढला, त्यात चार वर्षांचा भार २२० श्रेयांकांवरून १६० वर आणला. तेव्हा ओझे अति झाले होते हे वरिष्ठांनीही मानले आहे. मग ३६ तास असूनही आमचा तरुण म्हणतो की श्वास घ्यायला सवड नाही, आणि तो खोटे बोलत नाही. कारण ते तास तुकड्यातुकड्यांनी येतात : बसमध्ये वीस मिनिटे, दोन तासिकांमध्ये अर्धा तास, जेवणानंतर थोडा वेळ. हे तुकडे मोबाइल खाऊन टाकतो. पुस्तक उघडे आणि मोबाइलही उघडा, असा जो वेळ जातो तो ना अभ्यासाचा ना विसाव्याचा. तो दोन्ही बाजूंना नापास होतो. इंग्रजीतील ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ फुरसत असा होता. जेथे मन मोकळे होऊन एका गोष्टीकडे लागते ती शाळा. या अर्थाने पाहिले तर एक तास नीट खेळलेला मुलगा शाळेच्या जवळच असतो, आणि तीन तास पुस्तकावर डोके टेकून मोबाइल चाळणारा तिच्यापासून दूर.

मात्र हा हिशेब एकट्या विद्यार्थ्याचा झाला. आमच्या मते खरा प्रश्न यापुढे आहे. शब्बाथाच्या आज्ञेत विसावा एकट्याला दिलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आत राहणारा परका, अशी सर्वांची नावे तिथे आहेत. सूक्ष्म वाचकांच्या लक्षात आले असेल की या यादीत पत्नीचे नाव नाही. टीकाकार म्हणतात की आज्ञा पतिपत्नी दोघांनाही उद्देशून आहे, म्हणून वेगळे नाव नको. असेल. पण आमच्या घरांतून रविवारी काय दिसते? सर्वांना सुटी, आणि चुलीपाशी जी उभी असते तिला दुप्पट काम. मार्था रागावली ती काही आळशी बहिणीवर नव्हे, एकटे टाकले जाण्यावर रागावली, हे लूकचा दहावा अध्याय वाचताना आपण बहुधा विसरतो. तेव्हा गोडादऱ्याच्या त्या मुलाला आमचे सांगणे असे : संध्याकाळचा तुझा तास तुझा आहे, तो लाजत घेऊ नकोस. पण त्या तासाच्या अलीकडे किंवा पलीकडे अर्धा तास असा काढ की ज्यात साड्यांचा गठ्ठा तुझ्या हाती असेल आणि आई दारात बसलेली असेल. आणि मुलगी शिकत असेल तर तिला तो तास मिळतो की नाही हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहावे. तिच्या बाबतीत अभ्यास संपला की घरकाम, आणि घरकाम संपले की झोप, असाच क्रम असतो.

बापाचे काय? त्याचा विसावा मुलाच्या हातात नाही. येथे एका गृहस्थाचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची सुटी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागितली. सभा भरविल्या, अर्ज केले, ‘दीनबंधु’ पत्रातून लिहिले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे हे ख्रिस्ती नव्हते. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. आमच्या उपासनामंदिरांची दारे मुंबईत त्यापूर्वीही दर रविवारी उघडत होती आणि शब्बाथाची आज्ञा आत वाचली जात होती. बाहेर भोंगा वाजत होता. हे आम्ही कोणाला खाली पाहावयास लावण्यासाठी लिहीत नाही. पण बारा तासांची पाळी आजही आहे, आणि आज अभियांत्रिकी शिकणारी मुले उद्या त्याच कारखान्यांत पर्यवेक्षक होऊन पाळ्या लावणार आहेत. त्यांना स्वतःच्या विसाव्याची किंमत कळलेली नसेल तर दुसऱ्याच्या विसाव्याची कशी कळावी? ज्याने चार वर्षे स्वतःला यंत्रासारखे राबविले, तो मजुराकडे पाहताना कोणत्या डोळ्यांनी पाहील याची आम्हांस भीती वाटते.

राहता राहिली मंडळी. आपण तरुणांच्या मोकळ्या वेळेचे मोठे गिऱ्हाईक आहोत. रविवारच्या शाळेला शिक्षक हवे, गायकवृंदाला आवाज हवे, तरुण संघाची सभा, नाताळची नाटिका, खुर्च्या मांडणे, आणि संगणकाचे जे जे काम निघेल ते. प्रभूची सेवा म्हणून ते आनंदाने करतात, हे खरे. पण सेवा आणि विसावा एकच नव्हे. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य कामगिरीवरून परतले, त्यांना जेवायलाही सवड होईना, तेव्हा प्रभूने त्यांना आणखी काम दिले नाही. एकीकडे चलून थोडे विसावा घ्या असे सुचविले. गर्दी पुढे जाऊन पोहोचली आणि तो विसावा पुरता मिळाला नाही, हेही शुभवर्तमानकाराने लपविलेले नाही. परंतु प्रभूच्या मनात काय होते ते कळते.

सत्र परीक्षेच्या आधीचे दोन रविवार रविवारच्या शाळेतील विद्यार्थी-शिक्षकांना मोकळे द्यावेत आणि त्यांचे वर्ग निवृत्त बंधुभगिनींनी घ्यावेत, अशी सूचना आम्ही करतो. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या बापांसाठी महिन्यातून एकदा तरी उपासना संध्याकाळी ठेवता येईल काय, हेही पाहावे. परीक्षेची वेळापत्रके लागण्यापूर्वी पंचायतीची जी बैठक होईल, तिच्यापुढे हे दोन्ही विषय ठेवता येतील.