संयमाची किंमत कोणी मोजायची?

बुलढाणा जिल्ह्यातला एक पाणसाठा आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि तो नेमका मासेमारीचा नाही. लोणारचे सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतरचे ते महाराष्ट्रातले दुसरे रामसर स्थळ. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातले खारे, अल्कधर्मी पाणी सूक्ष्मजीवांसाठी जगभर अभ्यासले जाते. जाळे खांद्यावर टाकून तिथे कोणी जात नाही. ज्या पाण्यावर भोई समाजाच्या चुली पेटतात ते पाणी वेगळे. मोताळा तालुक्यातले नळगंगा, देऊळगाव राजाकडचे खडकपूर्णा, मेहकर तालुक्यातले पेनटाकळी. या पाण्याला रामसरचे कवच नाही. तिथे मासेमाराच्या हाती असतो तो ठेक्याचा करारनामा.

या विसंगतीत कोणाचा डाव नाही. रामसर करार पाणथळ जागांसाठी आहे आणि लोणार त्या मानाला पात्रच आहे. पण ती विसंगती एक प्रश्न पुढे ढकलते. मासे वाचवण्याचे नियम दूरवर, जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कला ठरतात. ते दिल्लीमार्गे मुंबईत येतात, कायदा होतात आणि शेवटी एखाद्या माणसाला सांगतात, 'हा मासा सोड.' त्या माणसाने तो का सोडावा? दंडाची भीती हे उत्तर पोलिसांना पुरेल. नीतीच्या दृष्टीने ते पुरत नाही.

आधी हा नियम खाली कसा उतरतो ते पाहू. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ चा. भारताने तो १९९५ मध्ये अधिकृतपणे मान्य केला. आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातला माशांचा साठा अतिमासेमारीने धोक्यात येणार नाही हे पाहणे, ही त्यातल्या ६१व्या कलमाने किनारी देशावर टाकलेली जबाबदारी आहे. १९९५ मध्येच देशांच्या हद्दी ओलांडणाऱ्या आणि दूरवर स्थलांतर करणाऱ्या माशांबद्दल आणखी एक करार झाला. भारत त्यात २००३ मध्ये सामील झाला. मात्र आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे. केंद्राकडे आहे ती प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी. करार पाळण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, अशी सोय २५३व्या कलमात आहे. तरी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा रोजचा कारभार राज्याच्या कायद्यावरच चालतो. महाराष्ट्रात तो १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायचे नाही. एका तरी विणीची संधी माशाला मिळावी, एवढाच त्यामागचा विचार.

यात बुलढाण्याचा काय संबंध, असे कोणी विचारेल. जिल्ह्याला किनारा नाही, पण समुद्र मात्र दोन आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेने इथले पाणी वाटून दिले आहे. नळगंगेचे पाणी पूर्णेत, पूर्णेचे तापीत आणि तापीचे अरबी समुद्रात. खडकपूर्णा आणि पैनगंगा यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला. सागरी कायद्याने हे नाते ओळखलेले आहे. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या पाल्यासारख्या (म्हणजे हिलसासारख्या) माशांची पहिली जबाबदारी ६६व्या कलमाने नदीच्या देशावर टाकली आहे. कागदावर समुद्राचा कायदा नदीत शिरतो. प्रत्यक्षात तापीवर १९७२ मध्ये उकाई धरण झाले आणि खालून वर येणारी वाट तिथेच संपली. त्यासाठी कोणा मासेमाराला दोष देता येणार नाही.

बाजाराचे नातेही आहेच. विदर्भातल्या आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकले जातात. किनाऱ्यावर जाळ्यात आलेली बारीक मासळी कुटीत जाते आणि कुटी कोंबड्यांच्या खाद्यात. कोंबडी खाणाऱ्याला ताटात समुद्र दिसत नाही, पण तो असू शकतो.

आता मूळ प्रश्न. मासेमाराने का थांबावे?

पहिले उत्तर संमतीचे. देशाने सही केली, दिलेला शब्द पाळला पाहिजे. राष्ट्राराष्ट्रांत हे तत्त्व खरेच आहे. १९६९ च्या व्हिएन्ना करारात ते लिहिलेले आहे. पण खडकपूर्णेवर थर्मोकोलच्या तुकड्यावर बसून जाळे टाकणाऱ्याला कोणी काही विचारले नव्हते. आपण निवडून दिलेल्या सरकारने सही केली म्हणजे आपण केली, हे म्हणणे कायद्याला चालते. जो नियम माणसाच्या आजच्या जेवणात हात घालतो, त्याला मात्र एवढी लांबची संमती तोकडी पडते.

दुसरे उत्तर फायद्याचे. आज लहान मासा सोडलास तर उद्या मोठा मिळेल. हे शास्त्र म्हणून बरोबर आहे. अडचण 'उद्या कोणाला' या शब्दांत आहे. मी सोडलेले पापलेट मोठे झाल्यावर माझ्याच जाळ्यात येईल याची हमी नाही. ते ट्रॉलरच्या जाळ्यात जाईल. धरणावर तर ठेक्याची मुदत असते. या वर्षी संस्थेने संयम पाळला आणि पुढच्या खेपेला ठेका दुसऱ्याकडे गेला, तर राखणारा एक आणि खाणारा दुसरा. फायद्याच्या युक्तिवादाला माणसाच्या हाती उद्या असावा लागतो. ज्याचा उद्या दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याला दूरदृष्टीचा उपदेश करणे सोपे आणि पोकळ आहे.

तिसरे उत्तर वारशाचे. नदी, समुद्र, मासे ही आपली मालमत्ता नव्हे; आपण राखणदार. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कमलनाथ खटल्यात राज्य हे नैसर्गिक साधनांचे विश्वस्त आहे असे म्हटले. हे उत्तर मला सर्वांत पटते, पण त्याच्या पोटात एक अट आहे. विश्वस्त राज्य असेल तर राखण्याचे पहिले कर्तव्य राज्याचे. ते कर्तव्य सगळ्यात शेवटच्या माणसाच्या अंगावर टाकून विश्वस्ताला मोकळे होता येत नाही.

इथे करारांचा मजकूर पुन्हा वाचावा लागतो, कारण त्यांत फक्त मनाई नाही. १९९५ च्या त्या करारात, संवर्धनाचा अवाजवी भार विकसनशील देशांवर जाऊ नये, असे २४व्या कलमात म्हटले आहे. निर्वाहासाठी मासे पकडणाऱ्यांच्या आणि छोट्या, पारंपरिक मासेमारांच्या गरजा ध्यानात घ्याव्यात, असेही त्यात आहे. २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेने छोट्या मासेमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती समुद्राइतकीच नदी-तलावांनाही लागू आहेत, मात्र ती ऐच्छिक आहेत. जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या अनुदानांवर २०२२ मध्ये करार झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला तो अमलात आला. त्या वाटाघाटींत भारताची भूमिका ठाम होती. समुद्र उपसला तो मोठ्या ताफ्यांच्या देशांनी. आमचे मासेमार गरीब आहेत, आम्हाला २५ वर्षांची मुदत द्या.

ही भूमिका मला न्याय्य वाटते. ज्याने जास्त उपसले त्याने जास्त सोडावे, ज्याच्याकडे पर्याय कमी त्याला वेळ मिळावा, यात वावगे काही नाही. पण मग हेच माप देशाच्या आत का वापरले जात नाही? करार वरून खाली उतरताना त्याचे दोन भाग होतात. मनाई अखंड खाली येते, कारण तिला कलम असते, दंड असतो, अधिकारी असतो. न्यायाची अट वाटेतच गळून पडते. जिनिव्हात ती हक्क म्हणून मांडलेली असते. तलावावर पोचेपर्यंत तिची योजना होते आणि योजनेची रांग होते. बंदीच्या किंवा मंदीच्या काळातल्या मदतीचे उदाहरण घ्या. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमाराने स्वतःचे १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० घालायचे आणि तीन महिने दरमहा १,५०० परत द्यायचे, असा हिशेब आहे. म्हणजे थांबण्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा थांबणाऱ्याच्याच खिशातून. आणि ती रक्कम एका कुटुंबाचा महिना चालवायला किती पुरेल, हे बाजारहाट करणाऱ्या कोणालाही कळेल.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत दम आहे.

पहिला असा की गरिबीने मासा जिवंत होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यात मच्छरदाणी लावून पिल्ले गाळून घेतली, तर ती कोणी घेतली याचा हिशेब नदी ठेवत नाही. पाण्यात सुरुंग लावणे आणि विष कालवणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तो गरिबाने केला तरी गुन्हाच. हे मान्यच करायला हवे. नियम योग्य आहे का, हा एक प्रश्न. त्या नियमाची किंमत कोणी मोजायची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माशाच्या बाजूने द्यावे लागते. दुसरे उत्तर माशावर सोडता येत नाही, ते माणसांनी आपसात ठरवायचे असते. आपल्याकडे पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न सुटला असे समजले जाते. गल्लत तिथेच होते.

दुसरा आक्षेप असा की भाराची वाटणी ही देशांमधल्या सौदेबाजीची भाषा आहे. ती देशाच्या आत, नागरिकांमध्ये कशाला आणायची? याचे उत्तर साधे आहे. भारताने परदेशात सवलत मागितली ती कशाच्या जोरावर? कोळ्याच्या, भोयाच्या, छोट्या नावेच्या दारिद्र्यावर. ज्याचे दारिद्र्य दाखवून सवलत मागायची, ती सवलत त्याच्या दारापर्यंत पोचवायलाच हवी. नाहीतर तो युक्तिवाद उसना ठरतो, आणि उसने घेतलेले परत करावे लागते.

मग बुलढाण्यात न्यायाची ही अट उतरली तर ती कशी दिसेल? त्यासाठी नवा आंतरराष्ट्रीय करार लागणार नाही; ठेक्याच्या करारनाम्यात चार ओळी वाढवाव्या लागतील. रोहू, कटला, मृगळ हे मासे धरणाच्या साचल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांची बोटुकली आणून सोडावी लागतात आणि तो खर्च संस्थेचा. धरणातून पाणी कधी, किती सोडायचे ते मात्र मासेमार ठरवत नाही. पावसाने ओढ दिली, पाणी तळाला गेले, की सोडलेले बीज आणि भरलेली रक्कम दोन्ही बुडतात. म्हणून पहिली ओळ अशी हवी की माशांसाठी थांबण्याच्या महिन्यांची ठेका रक्कम माफ व्हावी. दुसरी, पाण्याचे नियोजन ठरवताना मत्स्यसंस्थेला बोलवावे आणि माशांपुरते पाणी हा विषय निदान पत्रिकेवर यावा. तिसरी, ज्या संस्थेने बीज सोडले आणि लहान मासा राखला, तिला पुढच्या ठेक्यात प्राधान्य मिळावे, म्हणजे राखणाराच खाणारा होईल. चौथी, जाळ्याचा आस किती मिलिमीटरचा असावा हे ठरवताना जाळे विणणाऱ्याला विचारावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक साधनांचा अभ्यास करून १९९० मध्ये दाखवले ते हेच. नियम घडवण्यात ज्यांचा हात असतो ते तो टिकवतात.

यातून खाणाराही सुटत नाही. संयमाची किंमत मासेमाराने एकट्याने मोजू नये असे म्हटले, तर उरलेला हिस्सा कोणाचा? काही सरकारचा, काही मोठ्या बोटींचा आणि काही आपला. वीतभर पापलेट महाग म्हणून तळहाताएवढे घेणारे गिऱ्हाईक नियमभंगाला भाव देत असते. मासेमाराला पर्याय नसतो तेव्हाही गिऱ्हाइकाला तो असतो. ते दुसरे काहीतरी घेऊ शकते. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने आधी थांबावे, हे तत्त्व भारताने जगाला सांगितले. ते ताटाजवळही तितकेच खरे आहे.

नियमाला पाळणाऱ्याचा होकार लागतो आणि तो वाटणीतून येतो. मासा सोडणाऱ्याला दिसले पाहिजे की वरच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी काहीतरी सोडले आहे. पाटबंधारे विभागाने थोडे पाणी, महसुलाने थोडी रक्कम, ट्रॉलरने थोडी हाव, गिऱ्हाइकाने थोडी चव. ते दिसले, तर 'हा मासा सोड' हे वाक्य धरणावर उभे राहून मान वर करून म्हणता येईल. तोवर ते फक्त हुकूम म्हणून ऐकले जाईल, आणि अधिकारी परत फिरेपर्यंतच पाळले जाईल.