मुठीतल्या कवड्या

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी होणाऱ्या गेट परीक्षेत ‘एक्सई’ या नावाची एक प्रश्नपत्रिका असते. वेळ तीन तास, गुण १००. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेला, १५ अभियांत्रिकी गणिताला आणि परीक्षार्थीने निवडलेल्या दोन विषयांना प्रत्येकी ३५. गणित सर्वांना सक्तीचे. मटेरियल सायन्स हा निवडीच्या विषयांपैकी एक. गणित आणि मटेरियल सायन्स यांचा अभ्यास एकत्र करणाऱ्यासमोर एक जुना प्रश्न येऊन उभा राहतो. भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचाराने, तो शतकानुशतके हाताळला आहे: बरोबर उत्तर म्हणजे ज्ञान का?

बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात त्यासाठी एक साधा प्रसंग घेतला आहे. एकाने मुठीत कवड्या झाकल्या आहेत. दुसरा अंदाजाने म्हणतो, पाच. मूठ उघडते, कवड्या खरोखर पाचच निघतात. बोलणाऱ्याच्या मनातली गोष्ट वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळली, तरी ती त्याला ठाऊक होती असे कोणी म्हणणार नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, खऱ्या ज्ञानाला (प्रमेला) ‘यथार्थ अनुभव’ म्हणत; नुसते यथार्थ असणे पुरेसे नाही, हे श्रीहर्षाने या कवड्यांवरून दाखवले.

गेटच्या गुणपद्धतीत हाच विचार अंकांत उतरलेला आहे. चार पर्यायांतून एकच निवडायच्या एका गुणाच्या प्रश्नात उत्तर चुकले तर १/३ गुण वजा होतो. डोळे मिटून चार प्रश्नांवर तुक्का मारला तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. मिळालेला एक गुण तीन चुकांत पुरता निघून जाईल. दोन गुणांच्या प्रश्नात वजावट २/३, हिशेब तोच. म्हणजे निव्वळ तुक्क्याची किंमत बरोबर शून्य ठरवलेली आहे. एक पर्याय कारणासकट बाद करता आला तर उरलेल्या तिघांवरचा तुक्का सरासरी १/९ गुण देतो. न्यायशास्त्रात ‘तर्क’ स्वतः प्रमाण नसतो, पण चुकीच्या शक्यता हटवून प्रमाणाला मदत करतो. त्याला इतकेच, तुटपुंजे पण शून्याहून जास्त, मोल मिळते हे योग्यच आहे. ज्या प्रश्नांत पर्यायच नसतात आणि आकडा स्वतः काढून भरायचा असतो, तिथे वजावट नाही. मुठीत किती कवड्या असू शकतील याला तिथे मर्यादाच नसते.

तुक्का बाजूला ठेवला, तरी पाठांतर उरते. परीक्षेच्या आदल्या महिन्यात बहुतेकांच्या हाती फॉर्म्युला शीट असते आणि रिव्हिजन म्हणजे ती पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून घालणे. नैयायिक स्मृतीला प्रमेत धरत नाहीत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त बुद्धीचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग आहेत आणि यथार्थतेची चर्चा अनुभवाच्या अंगाने चालते. स्मृती नवे काही जाणत नाही, पूर्वी जाणलेले फक्त पुन्हा समोर आणते. तेव्हा पाठ केलेल्या सूत्राचा कस, ते प्रथम कसे जाणले गेले यावर अवलंबून राहतो. पुस्तकावर विश्वास ठेवून घेतलेले सूत्र शब्दप्रमाणात मोडते. त्यात कमीपणा नाही. जाणकार आणि प्रामाणिक माणसाचे सांगणे हे न्यायमतात स्वतंत्र प्रमाण आहे, आणि प्रत्येक प्रमेय स्वतः सिद्ध करायला बसणारा परीक्षार्थी पहिल्या प्रकरणातच अडकेल. अडचण वेगळीच आहे. सूत्र पाठ होते, त्याच्या मागची अट गळून जाते.

या अटीला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात, आणि या अभ्यासाला तिच्याइतकी उपयोगी पडणारी दुसरी संज्ञा नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम पक्का आहे. उलटा नियम, जिथे अग्नी तिथे धूर, ऐकायला तितकाच खरा वाटतो, पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा तो मोडतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला इंधन ओले असावे लागते. ओल्या इंधनाची ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. जी अट धुराच्या प्रत्येक ठिकाणी असते, पण अग्नीच्या प्रत्येक ठिकाणी नसते, ती नियमात लपून बसते आणि नियम सार्वत्रिक असल्याचा भास देते.

अभियांत्रिकी गणिताचा अभ्यासक्रम अशा ओल्या इंधनांनी भरलेला आहे. समीकरणाचे मूळ शोधायची न्यूटन-रॅफसन पद्धत घ्या. एक्सचा घन, वजा दोन एक्स, अधिक दोन, या राशीचे मूळ काढताना शून्यापासून सुरुवात केली तर पुढचे मूल्य १ येते. त्यापुढचे पुन्हा ०. मग १, मग ०. कॅल्क्युलेटरवर दिवसभर बोटे चालवली तरी मूळ सापडणार नाही, आणि आकडेमोडीत एकही चूक नसेल. सुरुवात मुळाच्या पुरेशी जवळ असावी, ही अट सूत्रात लिहिलेली नसते. सिम्पसनच्या नियमाला भागांची संख्या सम लागते. मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू दोनदा आली तर ती मॅट्रिक्स कर्णरूपात मांडता येईलच असे नाही. पीवायक्यूंचा, म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नांचा, ढीग उपसणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते की प्रश्न काढणारा बहुधा याच जागी थांबलेला असतो.

संमिश्र चलांच्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत सुंदर रीतीने दिसते. बंद वळणावरून फलाचे संकलन केले की उत्तर शून्य येते, हे कोशीचे प्रमेय. १/झेड या फलाचे संकलन, केंद्र ३ आणि त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर केले तर ते शून्यच येते. तेच वर्तुळ सरकवून केंद्र आरंभबिंदूवर आणले की उत्तर २πआय होते. फल तेच, वर्तुळ तेवढेच. फरक एवढाच की आता वळणाच्या आत एक बिंदू आहे जिथे फल मोडून पडते. वळण त्या बिंदूला कुठेही शिवत नाही. पूर्ण फेरी मारून आल्यावर जे शिल्लक राहते, त्यावरून आत काहीतरी आहे हे कळते.

मटेरियल सायन्सच्या पुस्तकात नेमकी हीच फेरी वेगळ्या पोशाखात भेटते, आणि दोन विषय स्वतंत्र वह्यांत लिहिणाऱ्यांच्या ती बहुधा नजरेतून सुटते. अणूंच्या सुबक जाळीत एका अणूपासून निघून दहा पावले उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे, दहा वर गेले की मूळ अणूवर परत यायला हवे. जाळीत एक अर्धवट ओळ आतच संपलेली असेल आणि तिचे टोक या फेरीच्या आत पडत असेल, तर फेरी एक पाऊल अपुरी राहते. त्या टोकाला डिसलोकेशन म्हणतात आणि उरलेल्या पावलाला बर्गर्स व्हेक्टर. यान बर्गर्स यांनी १९३९ मध्ये ही कल्पना मांडली. गणितातला मोडणारा बिंदू आणि धातूतला हा दोष दोन्ही लांबून, त्यांना न शिवता, फेरीच्या शिलकीवरून ओळखता येतात.

अशा दोषाची कल्पना मुळात करावीच का लागली, ही हकिगत प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १९२६ मध्ये याकोव फ्रेंकेल यांनी परिपूर्ण स्फटिकाचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती ताण लागेल याचा हिशेब केला. उत्तर आले, शिअर मॉड्युलसला २π ने भागून येईल साधारण तेवढा. तांब्याचा मॉड्युलस ४८ गिगापास्कलच्या आसपास धरला तर हा ताण ७ गिगापास्कलच्या वर जातो. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याचा एकसंध स्फटिक काही मेगापास्कलच्या आतच सरकू लागतो. तफावत हजारपटीहून मोठी. हिशेब ठाम, मोजमापही ठाम, आणि दोन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत.

मीमांसा दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे मीमांसकांनी, अशा पेचासाठी अर्थापत्ती हे प्रमाण मानले. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरीही तो धष्टपुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन खऱ्या गोष्टींचा विरोध मिटवणारी तिसरी, न दिसलेली गोष्ट मानावीच लागते. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे नेमके हेच केले. सबंध थर एकदम सरकत नसून अर्धवट ओळीचे टोक एकेक पाऊल पुढे जात असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. जड सतरंजी अख्खी ओढण्यापेक्षा तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तसे. त्या वर्षी डिसलोकेशन कोणाच्याही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

नैयायिक अर्थापत्तीला वेगळे प्रमाण मानत नाहीत; ते तिला केवळ-व्यतिरेकी अनुमानात घालतात. जिथे रात्रीचे जेवणही नाही तिथे धष्टपुष्टपणाही नाही, असा नकारातून येणारा नियम पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे. डिसलोकेशनच्या प्रकरणात दोन्ही पक्षांच्या हाती काही लागते. १९३४ मध्ये धातूचा मऊपणा आणि हा दोष एकत्र पाहिल्याचा एकही दाखला नव्हता, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टी सदैव सोबत असण्याचा नियम, कोणाकडेच नव्हती. इथे मीमांसकांची बाजू जड वाटते. पण १९५२ मध्ये हेरिंग आणि गॉल्ट यांनी कथिलाचे केसासारखे बारीक, जवळजवळ दोषरहित स्फटिक वाकवून पाहिले, तेव्हा त्यांची ताकद सैद्धांतिक आकड्याच्या जवळ निघाली. दोष नाही, तिथे मऊपणा नाही: नैयायिकांना हवा होता तोच व्यतिरेक. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डिसलोकेशन प्रत्यक्ष दिसले. केंब्रिजमध्ये हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात पाहिले. बावीस वर्षे जे मानावे लागले म्हणून मानले होते, ते पडद्यावर हलताना दिसले.

या ज्ञानाचा हाताशी असलेला दाखला सूक्ष्मदर्शकाशिवायही मिळतो. तांब्याची मऊ तार एकदा वाकवून सरळ करू गेले तर वाकलेला भाग अडून बसतो आणि वळण शेजारी पडते. वाकवताना डिसलोकेशन वाढून एकमेकांत गुंतलेली असतात. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकताना पत्रा कडक झाला की तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. उष्णतेने गुंता सुटतो आणि नवे, मोकळे कण तयार होतात. तांबटाला हे घडते याचे ज्ञान पक्के असते, का घडते याचे असेलच असे नाही. परीक्षार्थीचे अनेकदा उलट असते, आणि यांतले कोणते ज्ञान अपुरे म्हणायचे हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

जुन्या दर्शनांची ही मदत घेताना एक मोह मात्र टाळावा लागतो. न्यायाच्या जोडीच्या वैशेषिक दर्शनातले परमाणू म्हणजे आजचे अणू नव्हेत. या दर्शनाच्या विभागणीत सोने तैजस, म्हणजे अग्नितत्त्वाचे, मानले गेले. कारण असे दिले की तुपासारख्या पार्थिव वस्तूचा पातळपणा अति तापवल्यावर नष्ट होतो, सोन्याचा होत नाही. निरीक्षण अचूक आहे: १०६४ अंश सेल्सिअसला वितळलेले सोने तापवत राहिले तरी तुपासारखे जळून जात नाही. पण ते टिकते, कारण ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत नाही. ज्यांनी उपाधीचे शास्त्र घडवले त्यांच्याच अनुमानात ही उपाधी लपून राहिली. त्यांची पद्धत घ्यावी, त्यांचे रसायनशास्त्र आजच्या पुस्तकात शोधू नये.

शेवटचा प्रश्न उत्तर आल्यानंतरचा. आकडा काढला, तो बरोबर आहे हे कशावरून कळते? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधा येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते: पाणी दिसले, जवळ गेले, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होते. परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तरसूची नसते, म्हणून तहान भागवण्याचे छोटे उपाय जवळ ठेवावे लागतात. आयगेनव्हॅल्यूंची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या बेरजेइतकी आहे का? एकके जुळतात का? लोखंडाच्या घनतेचा प्रश्न याला चांगला. खोलीच्या तापमानाला लोखंडाच्या युनिट सेलची, म्हणजे जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या घनाची, बाजू २.८६६ अँगस्ट्रॉम, अणुभार ५५.८५. अणूंचे वस्तुमान काढून सेलच्या घनफळाने भागले की ७.८८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. तराजूवर मोजलेली घनता सुमारे ७.८७ आहे. घाईत युनिट सेलमध्ये चार अणू धरले, तर १५.७६ येते. आकडेमोड तिथेही निर्दोष असते, पण शिशाची घनता ११.३ आहे आणि लोखंड शिशापेक्षा जड नाही हे दोन्ही हातांत तोललेल्या कोणालाही ठाऊक असते. चार अणूंची मांडणी लोखंडाचीच, पण ९१२ अंशांच्या वरची, त्या लालबुंद गोळ्यातली. थंड लोखंडात आठ कोपऱ्यांवरचे मिळून एक आणि मधला एक, असे दोनच अणू मोजायचे असतात.